१८५९ चा सेंट: ८ वर ९, की ९ वर ९?

पार्श्वभूमी

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात स्थायिक झालेल्या, साठी ओलांडलेल्या एका मराठी गृहस्थांनी शेजारच्या घराची आवराआवर चालली असताना बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा विकत घेतला. आत ७१ तांबडी-काळी नाणी होती. निवडून ढीग केले तेव्हा १८५९ सालचे ३८ सेंट, १८७६ ते १९०१ या काळातले २७, नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविक या वसाहतींचे १८६१ ते १८६४ मधले चार सेंट आणि अपर कॅनडा बँकेची अर्ध्या पेनीची दोन टोकनं, म्हणजे बँकेने स्वतः काढलेली नाणी, असा हिशेब लागला.

एकाच सालची ३८ नाणी निघाली यात नवल नाही. कॅनडा प्रांताने १८५८ पासून हिशेब दशमान पद्धतीवर आणला आणि लंडनच्या रॉयल मिंटकडून सेंट पाडून घेतले. १८५८ साल असलेले ४,२१,००० आणि १८५९ असलेले ९५,७९,०००, मिळून बरोब्बर एक कोटी. व्यास एक इंच, म्हणजे २५.४ मिमी, आणि शंभर नाण्यांचं वजन एक पौंड, म्हणजे एकाचं ४.५४ ग्रॅम. धातू कांस्य: ९५ टक्के तांबं, ४ टक्के कथील, १ टक्का जस्त. रुंदीला आपल्याकडच्या व्हिक्टोरियाच्या पाव आण्याइतकाच, पण हातात घेतला की पत्र्यासारखा हलका. जाडजूड बँक टोकनं हाताळायची सवय असलेल्या लोकांना तो रुचला नाही. माल पडून राहिला. १८६७ मध्ये कॅनडाचं संघराज्य झालं तरी हाच साठा पुरवून पुरवून वापरला गेला आणि नवा सेंट पाडायची वेळ थेट १८७६ मध्ये आली. तो ५.६७ ग्रॅमचा, बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडलेला, तारखेखाली बारीक ‘एच’ असलेला. त्यामुळे आजही जुन्या डब्यात १८५९ चा सेंट पुष्कळ सापडतो आणि झिजलेला असेल तर काही डॉलरांतच मिळतो.

किंमत वाढते ती प्रकारामुळे, आणि १८५९ मध्ये प्रकार बहुतेक शेवटच्या ९ वर ठरतो. १८५८ साल कोरलेले काही ठसे (नाणं पाडायचे साचे) वाया न घालवता त्यातल्या ८ वर ९ चा पंच, म्हणजे आकडा उमटवायचं हत्यार, ठोकून ते पुढच्या वर्षी वापरले. या ९ चं डोकं गोलसर, रुंद असतं. नंतरच्या ठशांवर अरुंद, उभट डोक्याचा ९ आला आणि बहुतांश नाणी त्याचीच आहेत. काही ठशांवर हा अरुंद ९ दोनदा ठोकलेला दिसतो. त्यातले दोन ठळक नमुने कॅटलॉगांमध्ये स्वतंत्र क्रमांकाने नोंदले जातात आणि एके काळी त्यांनाही ‘८ वर ९’ समजलं जाई. शिवाय कांस्याऐवजी पितळेच्या चकतीवर पाडलेला १८५९ चा सेंट आहे, तो दुर्मीळ.

अडचण

गृहस्थांनी डबा घरी आणल्यावर वरवरची पाच नाणी देवघरातला तांब्या घासतात तशी चिंचेने घासली. हा सगळ्या प्रकरणातला पहिला निर्णय, आणि तो कोणालाही न विचारता झाला. त्यातलं एक नाणं पिवळसर गुलाबी, लख्ख निघालं. याला पुढे ‘नाणं क’ म्हणू. गृहस्थांनी कॅटलॉग चाळला, त्यात ‘पितळी’ हा शब्द सापडला आणि ती रात्र झोपेविना गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दहाबारा नाण्यांचे फोटो पुण्यातल्या पुतण्याला व्हॉट्सॲपवर पाठवले. पुतण्या ब्रिटिशकालीन भारतीय नाणी जमवतो, नजर तयार आहे. त्याने एका नाण्यावर बोट ठेवलं: “काका, या ९ च्या पोटात काहीतरी आहे. हा ८ वर ९ आहे, लिहून देतो.” हे ‘नाणं ख’.

नाण्यांच्या स्थानिक क्लबातल्या एका जाणकाराकडे प्रकरण आलं तेव्हा प्रश्न तीन होते. क खरंच पितळेचं आहे का? ख वर ८ आहे का? आणि ही दोन्ही नाणी दर्जा ठरवणाऱ्या संस्थेकडे पाठवायची का? ज्या प्रश्नाने शेवटी सगळं फिरवलं तो कोणी विचारलाच नव्हता: उरलेल्या ३६ नाण्यांचं काय?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: क आणि ख लगेच पाठवून द्यायची, निकाल संस्थाच देईल. त्यात शुल्क, विम्यासह टपाल आणि काही आठवड्यांची वाट. अंदाज चुकला तर हातात येतो तो दहा डॉलरच्या आतल्या नाण्याचा महागडा दाखला.

दुसरा: एखाद्या विक्रेत्याला दाखवायची. विक्रेता विकत घेणाराच असेल तर त्याचं मत आणि त्याचा भाव एकमेकांत गुंततात. माणूस प्रामाणिक असला तरी मत फुकट मागितलेलं असतं, त्यामुळे बघणं दोन मिनिटांचं होतं.

तिसरा: घरीच, क्रमाने, सगळी ३८ तपासायची आणि मगच पाठवण्याचा विचार करायचा. जाणकाराचा कल याकडे होता. गृहस्थांना तो वेळकाढूपणा वाटला. तडजोड अशी निघाली की क आणि ख ची तपासणी आधी, पण उरलेल्यांना तोवर हात लावायचा नाही, आणि चिंच स्वयंपाकघरातच ठेवायची.

नाणं ख: नऊच्या पोटात काय आहे

फोनवरून आलेल्या, दाबून लहान झालेल्या फोटोवर व्हरायटी, म्हणजे प्रकार, ठरवणं किती धोक्याचं असतं ते ख वर दिसलं. फोटोत ९ च्या खालच्या मोकळ्या जागेत एक गडद रेघ होती. १० पट भिंगाखाली ती रेघ सावली निघाली, ९ च्याच कडेची. पण सावलीशेजारी खरोखर काहीतरी होतं, म्हणून तपासणी पूर्ण केली.

पद्धत अशी. टेबलावरचा एकच दिवा, बाकीचे बंद. दिवा आडवा, नाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण १५ ते २० अंशांत. आधी घड्याळातल्या १० च्या दिशेने प्रकाश, मग नाणं न हलवता ४ च्या दिशेने. सावली बाजू बदलते, खरा उंचवटा जागच्या जागी राहतो. दोन्ही प्रकाशात जे एकाच ठिकाणी दिसतं तेवढंच कागदावर काढायचं.

मग तो भाग उंच आहे की खोल, हे पाहायचं. ठशात पंच ठोकला की ठशात खड्डा पडतो आणि नाण्यावर त्याचा उंचवटा येतो. म्हणून जुन्या आकड्याचा अवशेष नाण्यावर नेहमी उंचच असणार. खोल रेघ असेल तर तो ओरखडा किंवा गंजाची खाच आहे, ती कितीही ८ सारखी दिसली तरी.

आता आकाराचा प्रश्न. ८ आणि ९ एकावर एक ठेवून पाहा: वरचं वर्तुळ दोघांचं जवळपास जुळतं, उजवी बाजूही जुळते. फरक पडतो तो डावीकडे, खालच्या अर्ध्यात. ८ चं खालचं वर्तुळ डावीकडून बंद असतं. ९ तिथे उघडा असतो, डोकं संपतं आणि शेपटीचं टोक सुरू होतं त्यामधली ती फट. म्हणजे खाली ८ असेल तर त्या फटीत बाहेरच्या बाजूला फुगलेली कमान दिसायलाच हवी, निदान तिचा तुकडा. तिथे काही नसेल तर बाकी कुठे काय दिसतं याला फारसा अर्थ राहत नाही.

ख वर ती फट स्वच्छ होती. उंचवटा होता तो ९ च्या डोक्याच्या बाहेरच्या कडेला चिकटून, त्याच वळणाने, समांतर जाणारा. ८ असा समांतर जात नाही. ९ च ९ ला समांतर जातो. ठोकणाऱ्याचा पंच पहिल्या वेळी किंचित सरकला, त्याने पुन्हा ठोकला, इतकंच. १८५८-५९ च्या ठशांवर अक्षरं आणि आकडे असे दुरुस्त केलेले जागोजागी सापडतात.

एक शंका आणखी होती: हे यंत्राचं दुहेरीकरण तर नव्हे? पाडताना ठसा सैल असेल तर तो उचलताना घसरतो आणि आकड्याची कड चेपून पायरीसारखी सपाट होते. अशा वेळी मूळ आकडा बारीक झालेला दिसतो आणि शेजारच्या आकड्यांवरही त्याच दिशेला तीच पायरी असते. ख वर १, ८ आणि ५ निर्मळ होते, दुहेरी फक्त ९. म्हणजे पंचच.

मग क्रमांक दिलेल्या दोन दुहेरी नमुन्यांपैकी हा एखादा आहे का? इथे घाई करायचा मोह जबर असतो, कारण ‘८ वर ९’ हातचा गेला की निदान ‘दुहेरी ९’ तरी हवा असतो. जाणकाराने ख ची तारीख आणि कॅटलॉगमधलं छायाचित्र एकाच मापावर आणून अर्धपारदर्शक करून एकावर एक ठेवलं. सरकण्याची दिशा जुळली नाही, दोघांशीही नाही. शेरा लिहिला: ‘अरुंद ९, किरकोळ पुनर्ठोक, अनोंदित.’ पुतण्याला निकाल कळवला तेव्हा त्याचं उत्तर आलं, “मग फोटोत दिसलं ते?” सावली होती ती, बाबा.

नाणं क: पिवळं म्हणजे पितळ नव्हे

नव्याने उघडं पडलेलं कांस्य पिवळसरच असतं. तपकिरी रंग हा त्यावर दीडशे वर्षांत चढलेला थर. चिंचेतल्या आम्लाने तो उतरला की आतला धातू चमकतो आणि पाहणारा फसतो. म्हणून रंग हा पुरावा धरायचा नाही असं आधीच ठरलं.

वजन ४.४३ ग्रॅम, व्यास २५.४ मिमी. झिजलेल्या नाण्याला साजेसं, पण यातून धातू कळत नाही. उरली घनता. इथे बरेच जण स्वयंपाकघरातला किंवा ०.०१ ग्रॅमचा काटा घेऊन बसतात आणि हवं ते उत्तर काढतात, म्हणून आकडेमोड बघणं बरं.

या कांस्याची घनता ८.८ ते ८.९ च्या आसपास. जस्त ३० टक्क्यांच्या घरात असलेल्या पितळेची ८.५ च्या आसपास. ४.४३ ग्रॅमचं नाणं पाण्यात टांगलं तर कांस्याचं वजन साधारण ०.५० ग्रॅमने घटेल, पितळेचं ०.५२ ने. सगळा खेळ ०.०२ ग्रॅमचा. ०.०१ च्या काट्यावर घट ०.५१ दिसली तर घनता ८.६९ येते, म्हणजे ना इकडची ना तिकडची. काटा एक घर इकडे पडला तर कांस्य, एक घर तिकडे पडला तर पितळ. पहिल्या दिवशी नेमकं हेच झालं. तीन मोजण्यांत ०.५१, ०.५२, ०.५१ आलं आणि गृहस्थांचा चेहरा उजळला.

दुसऱ्या दिवशी ०.००१ ग्रॅमचा काटा मिळवला. पाणी उकळून, झाकून गार केलेलं, म्हणजे विरघळलेली हवा निघून जाते. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब, जेणेकरून नाण्यावर बुडबुडे धरणार नाहीत. आदल्या दिवशीचा घोळ बहुधा बुडबुड्यांचाच होता: नाण्याच्या काठावरच्या मण्यांच्या कड्यात अडकलेले चारपाच बारीक बुडबुडे काही मिलिग्रॅमची उचल देतात आणि घनता कमी दाखवतात. नाणं बारीक नायलॉनच्या धाग्याने टांगलं, पाण्याचं भांडं काट्याला न टेकता मधल्या घोडीवर ठेवलं. हवेत ४.४३१. पाण्यातली घट ०.५०१, ०.५००, ०.५०२. घनता ८.८४ च्या आसपास. कांस्य.

खात्रीसाठी सोनं खरेदी करणाऱ्या दुकानातल्या, क्ष-किरणांनी धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या एक्सआरएफ यंत्रावर ते नाणं ठेवायचं का, यावर थोडी चर्चा झाली. यंत्र पृष्ठभागाचा पातळ थरच वाचतं, आणि क चा पृष्ठभाग आम्लाने खाल्लेला. नुसत्या त्या आकड्यावर विसंबणं चुकीचं ठरलं असतं, पण घनतेच्या जोडीला चालण्यासारखं होतं. यंत्राने तांबं ९५ च्या आसपास, कथील चार आणि जस्त एक दाखवलं. दोन स्वतंत्र मोजमापं जुळली, विषय संपला.

एक साधी खूणही होती, जी सुरुवातीलाच घेता आली असती. चिंचेने घासलेली उरलेली चार नाणीही, थोड्या कमीअधिक छटेने, तशीच पिवळी झाली होती. पाचच्या पाच पितळी सेंट एका डब्यात?

उरलेली छत्तीस

इथवर येऊन गृहस्थ थकले होते आणि डबा तसाच विकून टाकायच्या बेतात होते. जाणकाराने एक संध्याकाळ मागून घेतली.

सगळ्या ३८ नाण्यांच्या तारखांचे फोटो एकाच स्टँडवरून, एकाच अंतरावरून, एकाच दिव्यात काढले आणि पडद्यावर ओळीने मांडले. असं केलं की मोजपट्टी लागत नाही, ९ चं डोकं उभट आहे की गोल हे शेजाऱ्यांच्या तुलनेत डोळ्यांनाच कळतं. ३४ अरुंद निघाले, त्यात क आणि ख आलेच. चार नाण्यांवर मळ आणि गंजाचा थर इतका की शेवटच्या ९ चा आकार कळतच नव्हता. डबा आणल्या दिवशी ही चार बाजूला फेकली होती, ‘कळकलेली’ म्हणून.

आता खरा निर्णय. थर काढायचा की नाही? जुन्या तांब्याच्या नाण्याला हात न लावणं हा नियम, पण अज्ञात नाण्यावर नियम पाळूनही माहिती मिळत नाही. थराचे दोन प्रकार वेगळे केले. गर्द, घट्ट, कोरडा थर स्थिर असतो, तो काढताना खालची त्वचा सोलते. फिकट हिरवा, भुकटीसारखा, बोट लावलं की निघणारा थर जिवंत गंज असू शकतो आणि तो पसरत जातो. चारही नाण्यांवर मुख्यतः तेलकट मळ होता आणि त्यात हिरवे ठिपके. पायऱ्या ठरल्या त्या मवाळ ते कठोर या क्रमाने, आणि प्रत्येक पायरीनंतर थांबून बघायचं.

सुरुवात शुद्ध ॲसिटोनने, काचेच्या झाकणाच्या बरणीत, २४ तास. नखांचं पॉलिश काढायचं द्रव चालत नाही, त्यात सुगंध आणि तेलं असतात. प्लॅस्टिकची वाटीही नको, ती विरघळून नाण्यावर बसते. खिडकी उघडी, जवळ गॅस किंवा ज्योत नाही. एका दिवसाने द्रव पिवळा झाला, तो बदलून आणखी एक दिवस. त्यानंतर नाणी वाळवून औषधी खनिज तेलात दोन आठवडे. काही जण ऑलिव्ह तेल सुचवतात, पण त्यातलं आम्ल दीर्घकाळात तांब्यावर चढतं, म्हणून खनिज तेलच. अखेरीस बांबूच्या दातकोरणीचं टोक तेलात भिजवून, दहा पट भिंगाखाली, फक्त ९ आणि त्याच्या आजूबाजूला. सुई नाही, ब्रश नाही, घासणं नाही. टोकाने कड उचकायची आणि निघत नसेल तर पुन्हा तेलात.

तीन नाण्यांवर अरुंद ९ निघाला. चौथ्यावर, ज्याला ‘नाणं ग’ म्हणू, गोल डोकं दिसलं. फटीत, शेपटीच्या टोकाच्या वर, डावीकडे फुगलेला एक आखूड उंचवटा होता, ९ च्या पृष्ठभागापेक्षा खालच्या पातळीवर. दिवा १० वरून ४ वर नेला, तो हलला नाही. डोक्याच्या आतही जुन्या आकड्याचा पातळ काठ दिसत होता. रुंद ९, ८ वर.

झिजलेल्या नाण्यावर इतका बारीक अवशेष टिकलाच कसा, असं वाटणं साहजिक आहे. तो टिकला कारण तो खाली आहे. आजूबाजूचा उंच ९ आधी झिजतो आणि त्याच्या आडोशाला हा राहतो.

थर काढताना ५ आणि ९ च्या मधे एक तुकडा खालच्या तपकिरी त्वचेसकट निघाला आणि तीळभर फिकट डाग पडला. तो आता राहणारच.

१८७६ ते १९०१ च्या २७ नाण्यांत १८९१ चे दोन सेंट होते. त्या सालात मोठी पानं-मोठी तारीख, मोठी पानं-लहान तारीख आणि लहान पानं-लहान तारीख असे तीन प्रकार येतात, मागचे दोन महाग. दोन्ही पहिल्या प्रकारची, साधी निघाली.

दर्जा ठरवताना

१८५९ च्या सेंटवर व्हिक्टोरियाच्या डोक्याला पानांची माळ आहे आणि झीज आधी दिसते ती कानावरच्या केसांत. तिथल्या बटा सुट्या दिसतात की एकमेकींत मिसळल्या, की सपाट झाल्या, यावर खालचे दर्जे ठरतात. मागच्या बाजूला मेपलच्या वेलीची सोळा पानं, त्यांच्या शिरा बघायच्या.

ख बद्दल गृहस्थांचं मत व्हीएफ-२० (व्हेरी फाइन) होतं, कारण पानांच्या शिरा छान उठून दिसत होत्या. जाणकाराने त्याखालचा एफ-१२ (फाइन) दिला. दोन्ही बाजूंत फरक असेल तर दर्जा कमकुवत बाजूकडे झुकतो आणि ख चे कानावरचे केस मिसळलेले होते. गृहस्थांचा मुद्दा असा की ही नाणी मुळातच कमी दाबाने पडली आहेत, मग केस झिजले कशावरून? मुद्दा रास्त आहे, या सालात कमजोर ठोकणीची नाणी पुष्कळ सापडतात. फरक पृष्ठभागावर कळतो. कमी दाबामुळे न भरलेल्या जागी चकतीचा मूळ खरखरीत पोत शिल्लक असतो. झिजलेली जागा गुळगुळीत, किंचित चकचकीत आणि कडेला उतरती होत जाते. ख गुळगुळीत होतं. एफ-१२ कायम राहिला.

क ला झिजेच्या मानाने एफ मिळाला असता, पण साफ केलेलं नाणं आकड्याने विकलं जात नाही, ‘साफ केलेलं’ या शेऱ्याने विकलं जातं. ग चा अंदाज व्हीजी-८ (व्हेरी गुड, फाइनच्या खालचा), सोबत ‘गंजलेलं’ असा शेरा. रंगाचा प्रश्न कुठेच नव्हता: मूळ लाली पाच टक्क्यांहून कमी असली की ‘तपकिरी’ एवढंच लिहितात.

काय पाठवलं, काय आलं

गृहस्थांना तिन्ही पाठवायची होती. प्रत्येकासाठी एकच हिशेब मांडला: दाखला मिळाल्याने किंमतीत जी भर पडेल ती शुल्क आणि टपालापेक्षा जास्त आहे का? ख अनोंदित पुनर्ठोक, म्हणजे दाखल्यावर नुसतं ‘१८५९, अरुंद ९’ आलं असतं. क चं तर कारणच उरलं नव्हतं. ग ला मात्र दाखल्याची गरज होती, कारण गंजलेल्या नाण्यावरचा ८ खरीदणाऱ्याला फोटोत पटत नाही.

संस्था निवडताना टोरोंटोची आयसीसीएस आणि अमेरिकेतल्या पीसीजीएस, एनजीसी यांची तुलना झाली. अमेरिकन संस्थांचं कडक प्लॅस्टिकचं कवच परदेशात विकायला बरं पडतं. कॅनडातले जुने संग्राहक कॅनेडियन व्हरायटीसाठी घरच्या संस्थेला पसंती देतात, तिथे नाणं मऊ पाकिटात परत येतं. विक्री झालीच तर ऑन्टारिओतच होणार होती, म्हणून नाणं देशातच पाठवलं. अर्जावर प्रकाराच्या रकान्यात ‘रुंद ९, ८ वर’ असं स्वतः लिहिलं. हा रकाना कोरा ठेवला तर प्रकार नोंदला जाईलच असं धरून चालू नये.

प्रकार मान्य होऊन आला. दर्जा मात्र जी-६ (गुड), शेरा ‘गंजलेलं’. अंदाजापेक्षा एक पायरी खाली. कारण उघड होतं: कानापाशी गंजाच्या खाचा होत्या आणि जाणकाराने त्या खाचांना निव्वळ पृष्ठभागाचा दोष धरलं होतं. संस्थेने तिथला गेलेला तपशील झिजेतच मोजला. यावर वाद घालता येतो, पण विकत घेणारा दाखला बघतो.

गृहस्थांनी ग विकलं नाही. बाकीची नाणी पीव्हीसी नसलेल्या पॉलिएस्टरच्या पाकिटांत गेली, तळघरातून वरच्या मजल्यावरच्या कपाटात हलली आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. पुतण्याने ग चा फोटो मागितला. या वेळी तो व्हॉट्सॲपवर नाही, मूळ फाइल म्हणून ईमेलने गेला.

काय वेगळं करता आलं असतं

चिंच. पाच नाण्यांची तपकिरी त्वचा गेली ती परत येत नाही, आणि ते सोडलं तरी क वर खर्ची पडलेले सगळे दिवस त्या एका घासणीमुळे गेले. नाणं घासलं नसतं तर पितळेचा प्रश्नच उभा राहिला नसता.

क्रम उलटा झाला. सगळ्या तारखांचे फोटो ओळीने मांडायला एक संध्याकाळ लागली. ती पहिल्याच दिवशी दिली असती तर चार न वाचता येणारी नाणी तेव्हाच वेगळी पडली असती. डोळे चकाकणाऱ्या नाण्याकडे आणि पुतण्याने दाखवलेल्या नाण्याकडे गेले. मळलेल्यांकडे कोणी पाहिलं नाही.

०.०१ ग्रॅमचा काटा घेण्याआधी दोन मिनिटं आकडेमोड केली असती, तर त्याच्याने पितळ-कांस्य ठरत नाही हे मोजण्याआधीच कळलं असतं. शेजारी अरुंद ९ चं, न घासलेलं एखादं नाणं त्याच पाण्यात टांगून तुलना केली असती तर मोजणीतला घोळही लवकर ध्यानात आला असता.

आणि ग च्या तारखेवर दातकोरणी चालवायची तर आणखी दोन आठवडे तेल द्यायला हवं होतं. पाचाजवळचा तो डाग घाईचा आहे.